गॅसचा वास येतोय, पण शेगडी बंद आहे : कुत्र्याला स्कंकने फवारलं तर

रात्रीचे पावणेअकरा वाजले होते. आई मालवणहून आमच्याकडे न्यू जर्सीला येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. झोपण्याआधी मी नेहमीप्रमाणे चिंगीला, आमच्या काळ्या लॅब्रॅडॉरला, मागच्या अंगणात सोडलं. अर्धं मिनिटही झालं नसेल, ती केकाटत परत आली आणि दारावर पंजे मारू लागली. मी दार उघडलं तशी ती माझ्या पायांमधून आत घुसली आणि गालिच्यावर तोंड घासत सुटली. तेवढ्यात वरच्या मजल्यावरून आईचा आवाज आला, "अगो, गॅस उघडो रवलो काय?"

शेगडी बंद होती. आई पदर नाकाला लावून खाली आली, शेगडीचं एकेक बटण तिने स्वतः तपासलं आणि मग एकामागून एक खिडक्या उघडत गेली. मी चिंगीच्या मानेजवळ नाक नेलं आणि डोळ्यांतून पाणीच आलं. जळकं रबर, ठेचलेला लसूण आणि सिलिंडरमधून गळणारा गॅस, तिन्ही एकत्र. चिंगीला स्कंकने फवारलं होतं.

स्कंक हा उत्तर अमेरिकेतला प्राणी, साधारण मांजराएवढा, काळा, पाठीवर पांढरे पट्टे असलेला. भारतात तो नाही. त्यामुळे इथे कुत्रा पाळणाऱ्या आपल्या माणसांना या प्रसंगाची काहीच पूर्वतयारी नसते. तो येतोही बहुधा रात्री, कुणाला विचारायची सोय नसताना. त्या रात्री मी सगळ्यात आधी चिंगीला गरम पाण्याखाली धरलं, आणि नेमकं तेच करायला नको होतं. का नको होतं, ते या वासाचं रसायन कळल्यावर स्पष्ट झालं. ते रसायन मी इथे जरा सविस्तर सांगणार आहे. पण ज्यांचा कुत्रा आत्ता या क्षणी दारात उभा आहे, त्यांनी पुढचा भाग वाचून आधी कामाला लागावं.

कुत्रा आत्ता दारात असेल तर

त्याला घरात घेऊ नका. बाहेरच, अंगणात किंवा गॅरेजमध्ये, बांधून ठेवा. उजेडात त्याचे डोळे पाहा. तो डोळे मिटून घेत असेल, पंजाने चोळत असेल तर साध्या कोमट पाण्याने किंवा साध्या सलाइनने डोळे काही मिनिटं धुवा. अंगावर कुठे चावा किंवा ओरखडा आहे का, तेही तेव्हाच पाहून घ्या. बाकीचं अंग मात्र भिजवू नका.

हातात रबरी मोजे घाला, जुने कपडे घाला. एका उघड्या बादलीत ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड घ्या, सुमारे ९५० मिलिलिटर. औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या नेहमीच्या तपकिरी बाटल्या असतात, त्यातल्या दोन मिळून एवढं होतं. त्यात पाव कप खाण्याचा सोडा घाला आणि एक ते दोन चहाचे चमचे भांडी घासायचा लिक्विड सोप. ढवळलं की मिश्रण फसफसतं, आणि ते तसंच फसफसत असताना वापरायचं असतं. कुत्रा मोठा असेल तर तेवढंच कोमट पाणी घालून वाढवा. कोरड्या केसांवर ओता, बोटांनी केसांच्या मुळापर्यंत चोळा. फवारा नेमका जिथे बसलाय तिथे जास्त वेळ द्या. तोंडाजवळ ओतू नका, स्पंजाने किंवा फडक्याने जपून पुसा. डोळ्यांत, कानांत, तोंडात जाऊ देऊ नका आणि त्याला चाटू देऊ नका, पेरॉक्साइड पोटात गेलं तर उलट्या होतात. पाच मिनिटं थांबा, मग भरपूर पाण्याने धुऊन काढा. वास उरला असेल तर ताजं मिश्रण करून पुन्हा एकदा. शेवटी त्याच्या नेहमीच्या शांपूने आंघोळ, कारण पेरॉक्साइडने कातडी कोरडी पडते.

एक गोष्ट जिवाची आहे. हे मिश्रण बाटलीत भरून बूच लावू नका, उरलेलं साठवू नका. त्यातून सतत ऑक्सिजन वायू सुटत असतो आणि बंद बाटली फुटते. उरलेलं भरपूर पाण्यासोबत मोरीत ओतून द्या.

आईचं नाक चुकलं नव्हतं

स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो. सिलिंडरमध्ये जो ओळखीचा वास येतो तो मुद्दाम घातलेला असतो, एथिल मरकॅप्टन नावाच्या पदार्थाचा. नळाने येणाऱ्या नैसर्गिक वायूतही याच कुळातले पदार्थ मिसळतात. यामागे एक दुःखद घटना आहे. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या न्यू लंडन या गावी शाळेच्या तळघरात वायू साचत गेला, कुणालाच वास आला नाही, आणि ठिणगी पडताच शाळा कोसळली. जवळजवळ ३०० माणसं गेली, त्यात बहुतेक मुलं होती. त्यानंतर टेक्सासने वायूला वास लावणं कायद्याने सक्तीचं केलं आणि पुढे ही पद्धत जगभर रुळली. मालवणच्या आमच्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरपर्यंत ती पोचली आहे.

गॅसला वास लावण्यासाठी हेच कूळ का निवडलं? कारण माणसाचं नाक या पदार्थांच्या बाबतीत विलक्षण तीक्ष्ण आहे. हवेच्या एक अब्ज भागांत जेमतेम दहा भाग असले तरी आपल्याला ते जाणवतात. मरकॅप्टनचं शास्त्रातलं आजचं नाव थायॉल. कार्बनच्या साखळीच्या टोकाला गंधकाचा एक अणू आणि त्याला चिकटलेला हायड्रोजनचा एक अणू, एवढीच थायॉलची ओळख. गंधक-हायड्रोजनची ही जोडगोळी जिथे उघडी असते तिथे वास येतो. सडक्या अंड्यातून येणारा हायड्रोजन सल्फाइड याच घराण्यातला. कापलेला कांदा आणि ठेचलेला लसूण यांच्या वासामागेही गंधकच.

स्कंकच्या शेपटीखाली, गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना, एकेक ग्रंथी असते. त्यांत पिवळसर, तेलकट द्रव साठतो. ग्रंथींची टोकं बोंडासारखी बाहेर काढता येतात आणि स्नायूंच्या जोरावर नेम धरून पिचकारी मारता येते, तीन मीटरपर्यंत तर अगदी अचूक. या द्रवात काय आहे याचा शोध शंभर वर्षांहून जास्त चालला. थॉमस ऑल्ड्रिच या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने १८९६ मध्ये त्यावर निबंध लिहिला आणि त्यात ब्यूटिल मरकॅप्टन असावं असा अंदाज केला. पुढे कित्येक दशकं तोच अंदाज पुस्तकांतून छापला जात राहिला. १९७५ मध्ये केनेथ अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्याने आधुनिक उपकरणांनी तपासणी केली, तेव्हा मुख्य थायॉल वेगळेच निघाले. १९९० मध्ये कॅलिफोर्नियातल्या हम्बोल्ट स्टेट विद्यापीठातल्या विल्यम वुड यांनी चित्र पूर्ण केलं. पट्टेरी स्कंकच्या द्रवात हवेत उडणारे सात प्रमुख पदार्थ असतात. तीन थायॉल, त्या तिघांचे तीन थायोॲसिटेट, आणि सातवा क्विनोलिन जातीचा एक क्षारधर्मी पदार्थ.

यातले थायोॲसिटेट नीट लक्षात ठेवायला हवेत, चिंगीच्या बाबतीत माझी चूक तिथेच झाली. थायोॲसिटेट म्हणजे झाकण लावलेला थायॉल समजा. झाकण असताना त्याला फारसा वास नसतो. पण पाणी लागलं की झाकण हळूहळू निघतं आणि आतला थायॉल मोकळा होतो. म्हणजे फवाऱ्यातला काही वास लगेच सुटतो आणि काही केसांत दडून बसतो. द्रव तेलकट असल्यामुळे साध्या पाण्याने तो निघून जात नाही. मानेवर बसलेला पट्टा पाठीवर, पोटावर पसरतो एवढंच, आणि वर पाणी मिळाल्यामुळे झाकणं उघडायला लागतात. गरम पाण्याखाली धरल्यावर चिंगीचा वास कमी न होता वाढला, तो यामुळे.

लिंबू, आगळ आणि टोमॅटो

आईने खिडक्या उघडून झाल्यावर फ्रिजमधून दोन लिंबं काढून आणली. "तिका लिंबू चोळ," म्हणाली. लिंबू नाही तर आगळ, म्हणजे कोकमाचा आंबट रस, तरी. जन्मभर मासे साफ केलेल्या बाईच्या हाताला ही सवय असणारच, आणि माशांच्या बाबतीत तिचं रसायन शंभर टक्के बरोबर आहे. शिळ्या होत चाललेल्या माशाचा वास ज्या पदार्थांचा असतो त्यांना अमाइन म्हणतात, ते क्षारधर्मी असतात. लिंबाचं, कोकमाचं, चिंचेचं आम्ल त्यांना भेटलं की दोघांचं मिळून मीठ तयार होतं. मीठ हवेत उडत नाही, म्हणून वास जातो. कोकणात मासे धुताना आगळ लावायची रीत याच जोरावर टिकली आहे.

थायॉल मात्र अमाइनच्या उलट स्वभावाचा. तो स्वतःच किंचित आम्लधर्मी आहे. आम्लाला आम्ल भेटलं तर काहीच घडत नाही. म्हणून लिंबू, व्हिनेगर, ताक, चिंच, यांपैकी काहीही कुत्र्याला चोळलं तरी थायॉल जसाच्या तसा राहतो, आणि लिंबाने चिंगीच्या डोळ्यांची आग मात्र वाढली असती. आईला मी हे दुसऱ्या दिवशी समजावलं तेव्हा तिला ते लगेच पटलं. "म्हणजे ह्येका सोडो लागतलो," ती म्हणाली. अगदी तेच.

अमेरिकेत या बाबतीत सगळ्यात रुजलेला उपाय म्हणजे टोमॅटोचा रस. शेजारपाजारचे लोक आजही तोच सांगतात. डबेच्या डबे रस ओतून कुत्र्याला त्यात भिजवून ठेवायचं. टोमॅटोतही आम्लच आहे, तेव्हा तो थायॉलचं काहीच करत नाही. मग इतक्या लोकांना गुण आल्यासारखं का वाटतं? त्याचं कारण आपल्या नाकात आहे. मुंबईत ससून डॉकच्या मासळी बाजारात पहिल्यांदा गेलेल्या माणसाला पहिली पाच मिनिटं श्वास घेववत नाही, अर्ध्या तासाने तो तिथेच उभा राहून भाव करत असतो. वास तेवढाच असतो, नाकाने त्याची दखल घेणं थांबवलेलं असतं. फवारलेल्या कुत्र्याजवळ तासभर बसलेल्या माणसाचं नाक थायॉलला असंच बधिर होतं, आणि टोमॅटोचा नवा वास मात्र त्याला स्पष्ट येतो. त्याला वाटतं वास गेला. बाहेरून येणारा माणूस दारातच थबकतो. म्हणून वास गेला का, हे नेहमी दुसऱ्या कुणाला तरी विचारावं, आपल्या नाकावर त्या रात्री विसंबू नये.

सोडा आणि तपकिरी बाटली

झाकून, अत्तर फवारून, उदबत्ती लावून थायॉल जात नाही. रेणूच बदलावा लागतो. हे काम घरगुती सामानात कसं करायचं ते १९९३ मध्ये पॉल क्रेबाम या इलिनॉयमधल्या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं. ते एका कंपनीत द्रव्यविज्ञानाचं (मटेरियल सायन्सचं) काम करत होते आणि प्रयोगातून बाहेर पडणाऱ्या दुर्गंधी गंधकयुक्त वायूंचा बंदोबस्त करायला क्षारयुक्त पेरॉक्साइड वापरत होते. एका सहकाऱ्याच्या मांजराला स्कंकने फवारलं तेव्हा त्यांनी तीच कल्पना सौम्य करून सांगितली. जोरकस क्षाराऐवजी खाण्याचा सोडा, तीव्र पेरॉक्साइडऐवजी औषधांच्या दुकानातलं ३ टक्क्यांचं. मांजर स्वच्छ झालं. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या साप्ताहिकात ही कृती छापून आली आणि तिथून वर्तमानपत्रांनी उचलली. बाटलीत भरून विकता येण्यासारखी ती नव्हतीच, बाटली फुटली असती. ती फुकट सगळ्यांची झाली, आणि आज पशुवैद्यही तीच सांगतात. मला या माणसाबद्दल फार कृतज्ञता वाटते.

आता ती काम कशी करते ते पाहू. हायड्रोजन पेरॉक्साइड म्हणजे ऑक्सिजनचा एक अणू जास्त असलेलं पाणी. तो जास्तीचा अणू द्यायला ते उतावीळ असतं. थायॉलच्या टोकाला असलेल्या गंधकाला हे ऑक्सिजन एकेक करून चिकटत जातात. आधी दोन थायॉल एकमेकांना जोडले जातात, त्यानेच वास बराच उतरतो. मग आणखी ऑक्सिजन घेत घेत शेवटी गंधकावर तीन ऑक्सिजन बसतात आणि सल्फोनिक आम्लाचं मीठ तयार होतं. त्याला वास नाही आणि ते पाण्यात सहज विरघळतं. कपडे धुण्याच्या पावडरींत जो मुख्य मळ काढणारा घटक असतो, तोही याच सल्फोनेट जातीचा. म्हणजे दुर्गंधी तेलाचं आपण जवळजवळ साबणाच्या भावंडात रूपांतर करतो आणि मग नुसत्या पाण्याने ते वाहून जातं.

सोड्याशिवाय ही क्रिया फार रेंगाळते. सोडा मिश्रणाला किंचित क्षारधर्मी करतो. त्या वातावरणात थायॉल आपला हायड्रोजन सोडतो आणि गंधक उघडा पडतो, पेरॉक्साइडला तो पटकन सापडतो. शिवाय सोडा आणि पेरॉक्साइड मिळून जो पदार्थ बनतो तो एकट्या पेरॉक्साइडपेक्षा चलाख असतो. थायोॲसिटेटची झाकणंही क्षारात लवकर निघतात, आणि इथे झाकण निघताच समोर पेरॉक्साइड हजर असतं, म्हणून निघालेला थायॉल वास पसरवण्याआधीच बदलला जातो. साबणाचं काम सगळ्यांना ठाऊक असलेलंच, तेल केसांवरून सुटं करणं. तो नसला तर पाणचट मिश्रण तेलकट थेंबांवरून नुसतं घरंगळतं.

सामान घेताना नावांचा घोळ होतो, त्याबद्दल थोडं. खाण्याचा सोडा हवा, बेकिंग पावडर नको. पावडरीत आम्ल मिसळलेलं असतं, ते सोड्याचं काम बिघडवतं. धुण्याचा सोडा तर मुळीच नको, तो कातडीला फार जहाल. पेरॉक्साइड ३ टक्क्यांचंच हवं. केस रंगवण्याच्या दुकानात २०, ३०, ४० व्हॉल्यूम असं लिहिलेलं मिळतं, ते अनुक्रमे ६, ९ आणि १२ टक्क्यांचं असतं, ते कुत्र्याच्या अंगावर घालू नये. तपकिरी बाटली असते कारण उजेडाने पेरॉक्साइड विघटन पावतं. वर्षभर उघडी पडलेली बाटली म्हणजे बहुधा पाणीच. थोडं मोरीत ओतून फसफसतं का ते बघावं, बुडबुडे आले नाहीत तर नवी आणावी. मिश्रण पाच मिनिटांपेक्षा फार जास्त ठेवलं तर काळे केस तांबूस पडू शकतात. चिंगीच्या गळ्याखाली महिनाभर बदामी छटा होती, नवे केस आल्यावर गेली.

वासापेक्षा आधी बघायच्या गोष्टी

वासाच्या गोंधळात चावा राहून जातो, आणि चावा हा खरा धोका आहे. उत्तर अमेरिकेत रेबीज पसरवणाऱ्या रानटी प्राण्यांत वटवाघूळ, रॅकून, कोल्हा यांच्या बरोबरीने स्कंकचं नाव येतं. रेबीज फवाऱ्यातून होत नाही, तो लाळेतून, चाव्यातून होतो. कुत्र्याच्या तोंडावर, पायांवर बारीकसा दाताचा ओरखडा जरी दिसला तरी जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने भरपूर धुऊन त्याच दिवशी पशुवैद्याला फोन करावा, लस वेळेवर दिलेली असली तरीही. वैद्य बहुधा एक वाढीव डोस देतात. ती जखम उघड्या हातांनी हाताळली असेल तर आपणही आपल्या डॉक्टरांना सांगावं. भर दिवसा झोकांड्या खात चालणारा, माणसाला न घाबरणारा स्कंक दिसला तर कुत्र्याला लांब घेऊन जावं आणि नगरपालिकेच्या प्राणी नियंत्रण विभागाला कळवावं.

डोळ्यांबद्दल वर सांगितलंच. धुऊन झाल्यावरही दुसऱ्या दिवशी डोळा लाल असेल, उघडत नसेल, तर बुबुळाला इजा झालेली असू शकते, तेव्हा थांबू नये.

तिसरी गोष्ट विरळ आहे, पण ठाऊक असावी. फार जवळून, तोंडावर किंवा बिळासारख्या अडचणीच्या जागी भरपूर फवारा बसला तर तेच थायॉल कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींना इजा करू शकतात. हिमोग्लोबिन बिघडतं, पेशी फुटतात, रक्त कमी होतं. कुत्र्याला कांदा आणि लसूण घालू नये असं वैद्य सांगतात, ते याच प्रकारच्या इजेमुळे. फवाऱ्यानंतरच्या तासांत किंवा पुढच्या दोन-तीन दिवसांत कुत्रा गळून गेलेला वाटला, हिरड्या फिक्या किंवा तपकिरी दिसल्या, लघवी गडद झाली, तर ताबडतोब दवाखाना. त्या आठवड्यात मी रोज सकाळी चिंगीचा ओठ वर करून हिरड्या पाहत होते. दोन सेकंदांचं काम आहे.

घर, कपडे, लाकडी ओटा

माझे कपडे आणि गालिचा यांचाही बंदोबस्त करावा लागला. कपडे ऑक्सिजनयुक्त ब्लीच पावडर आणि गरम पाण्याने दोनदा धुतले, बाहेर वाळवले. गालिच्याचा लहान कोपरा आधी तपासून तेच सोडा-पेरॉक्साइडचं मिश्रण लावलं, रंग उडतो का हे बघणं आवश्यक. नायलॉनचा गळपट्टा भिजवून निघाला, चामड्याचा असता तर टाकावा लागला असता, चामडं हा वास सोडत नाही. लाकडी ओटा, सिमेंटची फरशी यांसाठी पाणी घालून पातळ केलेलं साधं क्लोरिनचं ब्लीच चालतं, तेही थायॉलला ऑक्सिजन देतं. पण ते कुत्र्याच्या अंगावर कधीही नाही. आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर, अमोनिया किंवा पेरॉक्साइड यांपैकी काहीही मिसळायचं नाही. व्हिनेगरने विषारी क्लोरिन वायू सुटतो, अमोनियानेही विषारी वायू होतात.

आणि गॅसचं. घरात हा वास आला आणि कुत्र्याला किंवा अंगणात काही झालेलं दिसत नसेल, तर स्कंक असेल असं गृहीत धरून झोपू नका. वास शेगडीजवळ, तळघरात जास्त असेल तर दिव्यांच्या बटणांना हात न लावता बाहेर पडा आणि बाहेरून गॅस कंपनीला फोन करा. आईने केलं तेच पहिलं पाऊल योग्य होतं, आधी शेगडी.

त्या जनावराची बाजू

स्कंकला फवारायची हौस नसते. दोन्ही ग्रंथींत मिळून सुमारे १५ मिलिलिटर द्रव असतो, पाच-सहा पिचकाऱ्यांपुरता. तो संपला की पुन्हा भरायला आठवडा-दहा दिवस लागतात, आणि तेवढे दिवस तो निःशस्त्र असतो. म्हणून तो आधी सांगून बघतो. पुढचे पाय जमिनीवर आपटतो, फुस्स करतो, शेपूट उभारतो. ठिपक्यांचे स्कंक तर पुढच्या पायांवर उलटे उभे राहतात. कोल्हे, कोयोट यांना हा इशारा कळतो. शिंगाळ्या घुबडाला त्याची पर्वा नसते, ते झडप घालून स्कंक खातं. पाळीव कुत्र्याला मात्र अंगणात काहीतरी हलतंय एवढंच कळतं आणि तो थेट अंगावर जातो.

कितीतरी शतकांपासून या भूमीतल्या लोकांचा या प्राण्याशी परिचय आहे. स्कंक हा शब्दच इथल्या आदिवासींच्या अल्गॉनक्वियन भाषांतून आलेला. शिकागो शहराचं नाव ज्या शब्दावरून पडलं तो मायामी-इलिनॉय भाषेतला शब्द रानकांद्याच्या जातीच्या वनस्पतीसाठी वापरत, आणि तोच शब्द पट्टेरी स्कंकसाठीही होता. कांदा आणि स्कंक एकाच शब्दात बांधणाऱ्या त्या माणसांच्या नाकाला गंधकाचं नातं प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी कळलं होतं.

फेब्रुवारी-मार्चमध्ये स्कंकचा विणीचा हंगाम असतो, नर रात्रभर फिरतात, तेव्हा आणि पुढे उन्हाळ्यात पिल्लं घेऊन माद्या हिंडतात तेव्हा गाठ पडण्याची शक्यता जास्त. हिरवळीखालच्या किड्यांच्या अळ्या हे त्यांचं आवडतं खाणं. सकाळी हिरवळीत लहान, शंकूच्या आकाराचे खड्डे दिसले तर रात्री स्कंक येऊन गेला असं समजावं. आता आम्ही दार उघडण्याआधी मागचा दिवा लावतो, दोनदा टाळ्या वाजवतो, मिनिटभर थांबतो. स्कंकची नजर अधू असते, त्याला निघून जायला वेळ लागतो. रात्रीच्या शेवटच्या फेरीला चिंगी आता पट्ट्यावरच असते. पक्ष्यांच्या दाण्यांचं सांडलेलं मी संध्याकाळी झाडून घेते आणि ओट्याखालची मोकळी जागा जाळीने बंद केली आहे, आत कुणी राहत नाही याची खात्री करूनच.

त्या रात्री दोन वाजता चिंगी कोरडी झाली आणि झोपली. वास जवळजवळ गेला होता, सकाळी दार उघडल्या उघडल्या शेजारच्या बाईंनीही तसंच सांगितलं. दहा दिवसांनी मोठा पाऊस झाला. चिंगी भिजून आली आणि मानेजवळून पुन्हा तोच लसणासारखा वास, फिका, पण ओळखू येण्याएवढा. आईने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. केसांच्या मुळाशी राहिलेल्या थायोॲसिटेटची झाकणं पाण्याने उघडत होती, आता ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. मी नवी बाटली उघडली, आईने सोडा मोजून दिला, फक्त मानेपुरतं मिश्रण केलं. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये आणखी दोनदा चिंगी चिंब भिजली. दोन्ही वेळा आईने तिच्या मानेत नाक खुपसून बघितलं. ओल्या कुत्र्याचा वास येत होता, बाकी काही नाही.